वडोदऱ्यात राहून लहान यॉट स्वस्तात कुठे ठेवावी?
वडोदऱ्याच्या जवळपास लहान शिडाच्या यॉटसाठी स्वस्त आणि सोयीचे मूरिंग (पाण्यात बोट बांधून ठेवण्याची जागा) मिळेल का, असे आपण विचारले आहे. खंभातचे आखात नकाशावर जवळ दिसत असले, तरी भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतील फरक 10 मीटरच्या आसपास जातो आणि प्रवाह इतका वेगवान असतो की, ओहोटीला गाळात बसणारी बोट भरतीच्या मोजक्या तासांतच वापरता येते. नवख्या माणसाने तिथे बोट ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बोट बांधता येईल, मात्र जून ते सप्टेंबर ती पाण्याबाहेर ठेवण्याचा खर्च आधीच धरावा. ट्रेलरवर मावणारी बोट असेल, तर घराचे आवारच सर्वांत स्वस्त.