हाड कधी जुळेल, हे कॉम्प्युटरला विचारावं का?

मोडलेलं हाड कसं जुळत जाईल, याचं सिम्युलेशन आता कॉम्प्युटरवर करता येतं, असं मागच्या लेखात जाता जाता लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

वडिलांच्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. एक्स-रे आमच्याकडे आहेत. त्यावरून 'अमुक आठवड्यांनी जुळेल' असं कॉम्प्युटर सांगेल का?

नाही. आणि कुणी छातीठोकपणे तारीख सांगत असेल तर जरा जपून.

एक्स-रे ही सावली असते. मॉडेलला हाडाचा त्रिमितीय आकार लागतो आणि तो सीटी स्कॅनमधून मिळतो. तो मिळाला तरी वडील दिवसात किती पावलं टाकतात, त्या पायावर किती वजन देतात, कुबड्या कधी बाजूला ठेवतात, हे कोण भरणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तुलना मात्र सिम्युलेशन चांगली करतं. तोच पाय, तेच फ्रॅक्चर, तोच भार ठेवायचा आणि फक्त रॉडची जाडी किंवा स्क्रूची जागा बदलायची. मग फटीतली हालचाल किती वाढते वा घटते, ते स्वच्छ दिसतं. 'कधी' विचारण्यापेक्षा 'यातलं कुठलं बरं' हे विचारा, उत्तर भरवशाचं मिळेल.

वडिलांचं हाड कितपत जुळलंय हे पाहायला नडगीसाठी एक साधी पद्धत आहे. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे घेतात. त्यांत हाडाच्या चार कडा दिसतात, प्रत्येक कडेला 1 ते 3 गुण देतात. बेरीज 4 असेल तर काहीच जुळलेलं नाही, 12 असेल तर पूर्ण जुळलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना याबद्दल विचारा.

कॉम्प्युटर नक्की मोजतो काय?

हाड, फट आणि भोवतालचा भाग यांचे तो हजारो, कधी लाखो बारीक तुकडे करतो. यालाच फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. प्रत्येक तुकड्याला कडकपणा द्यायचा: फटीतली सुरुवातीची मऊ ऊती साधारण 1 मेगापास्कल (दाब आणि कडकपणा मोजायचं एकक) किंवा कमी, कूर्चा 10च्या आसपास, पक्कं हाड हजारोंमध्ये. मग भार टाकायचा आणि कुठला तुकडा किती ताणला-दाबला गेला ते काढायचं. त्यावरून नियम ठरवतो की इथे आता हाड बनेल, कूर्चा बनेल की नुसती तंतुमय ऊती. कडकपणा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच मॉडेलांत अशी एक फेरी म्हणजे एक दिवस धरतात.

सगळी गंमत त्या नियमात आहे. क्लेस आणि हायगेले या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेला नियम असा: स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं-दाबलं गेलं ते) 5 टक्क्यांच्या आत आणि दाब 0.15 मेगापास्कलच्या आत असेल तर थेट हाड. दाब त्याहून जास्त पण स्ट्रेन 15 टक्क्यांच्या आत असेल तर आधी कूर्चा आणि मग तिचं हाड. बाकी ठिकाणी तंतुमय ऊती. प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये वेगळी वाट धरली होती. ऊती म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज, म्हणून तिच्यातून द्रव किती वेगाने वाहतो तेही ते धरतात.

स्ट्रेन म्हणजे काय, हे हातात धरून पाहू. फट 1 मिलिमीटरची आहे आणि टोकं 0.02 मिलिमीटर हलतात. ही हालचाल केसाच्या जाडीहूनही कमी. स्ट्रेन झाला 2 टक्के. पेरेन या संशोधकांच्या मांडणीत पक्कं हाड साधारण एवढाच सोसतं, कूर्चा 10 टक्क्यांपर्यंत. आता हालचाल तीच ठेवा, पण फट 0.1 मिलिमीटरची करा. स्ट्रेन थेट 20 टक्के! म्हणजे कडक प्लेटखाली राहून गेलेली बारीकशी फट रुंद फटीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. शरीराला हे आपल्याआधी कळलेलं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते टोकं थोडी झिजवून फट रुंद करतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या एक्स-रेत फट वाढलेली दिसली की घरातले घाबरतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

हालचाल इतकी वाईट, तर माझे डॉक्टर पायावर भार द्यायला का सांगतात?

कारण शून्य हालचालही वाईटच. गुडशिप आणि केनराइट यांनी 1985 मध्ये मेंढ्यांच्या नडगीवर दाखवलं की फटीत मोजून-मापून दिलेली बारीक हालचाल हाड जुळायला मदत करते. त्या हालचालीच्या चालनेवरच कॅलस, म्हणजे हाडाभोवतीची गाठ, वाढतो.

कॅलस फुगीर का असतो, याचं उत्तर तुळईच्या गणितात आहे. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो. व्यास दीडपट झाला तर विरोध साधारण पाचपट. साहित्य मऊ असलं तरी ते मध्यापासून लांब ठेवल्याने काम भागतं. कॅलस मजबूत झाला की हालचाल घटते, स्ट्रेन उतरतो आणि मग फटीत पक्कं हाड बसतं. सिम्युलेशनमध्ये हा क्रम डोळ्यांदेखत घडताना पाहणं मला अजूनही आवडतं. प्लेट लावलेल्या हाडात प्लेटलगतच्या बाजूला कॅलस कमी आणि समोरच्या बाजूला जास्त दिसतो, कारण प्लेटजवळ हालचालच होत नाही.

पण हे वाचून स्वतःच्या मनाने पाय टेकवू नका. सांध्यात शिरलेलं फ्रॅक्चर असेल तर हिशेबच वेगळा, तिथे हालचाल नकोच असते. भार किती द्यायचा ते ज्यांनी आतले स्क्रू पाहिलेत, त्यांनीच सांगावं.

ही मॉडेलं खरी ठरतात का? सिगारेट, मधुमेह धरतात का?

2006 मध्ये आयसॅक्सन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे नियम एकाच फ्रॅक्चरवर चालवून मेंढ्यांवरच्या प्रयोगांशी ताडून पाहिले. सरळ दाबात सगळे जवळपास सारखेच चालले. पीळ दिल्यावर मात्र एकालाही सगळं बरोबर जमलं नाही. त्यातल्या त्यात द्रवाचा वेग धरणारा नियम जवळ गेला. मला यातून एवढं कळलं की एकाच प्रकारच्या भारावर तपासलेल्या मॉडेलवर फार विसंबू नये.

धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे ठाऊक आहे. रक्तवाहिन्यांची वाढ आणि ऑक्सिजन धरणारी मॉडेलंही आहेत. पण दिवसाच्या दहा सिगारेटींचा आकडा त्यात कसा बसवायचा, तिथे अंदाजच चालतो.

यासाठी मुद्दाम सीटी करून घ्यावा का?

नको. किरणोत्सर्ग विनाकारण, शिवाय आत धातू असेल तर चित्रावर रेघा उमटतात. उपचारासाठी आधीच झालेला असेल तर तो जपून ठेवा.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. सुरुवात कुठून करू?

त्रिमितीय मांडीचं हाड घेऊन बसू नका. एक सरळ नळी, मध्ये 3 मिलिमीटरची फट, भोवती कॅलस, अक्षाच्या दिशेने एकच भार. तुकडे निम्म्या आकाराचे करून पुन्हा चालवा. उत्तर हललं तर आधीचं मेश (तुकड्यांचं जाळं) पुरेसं बारीक नव्हतं.

आणि कडकपणा एका झटक्यात बदलू नका. माझ्या पहिल्या मॉडेलात एक तुकडा सोमवारी हाड, मंगळवारी तंतुमय ऊती आणि बुधवारी पुन्हा हाड होत होता. दोन आठवडे मी कोडमधली चूक शोधत होतो, पण चूक कोडमध्ये नव्हतीच. जुन्या पेपरांमध्ये मागच्या दहा फेऱ्यांच्या कडकपणाची सरासरी घेतात, ती ओळ मी बिनकामाची समजून वगळली होती. ती घातली, तेव्हा कुठे तो तुकडा शांत झाला.