कॅम्परव्हॅनने कोकण: अख्खा किनारा नको, दोन घाट आणि मधला तुकडा

डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दोघं, आईबाबा आणि दोन मुलं असे सहा जण, चालकासह मिळणाऱ्या कॅम्परव्हॅनने (झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीने) दहिसरहून रेवस आणि तिथून सागरी मार्गाने पाच दिवसांत गोवा, असा तुमचा बेत आहे. खरं सांगू? गोवा सोडा. रेवस-रेडी रस्ता नकाशावर सलग दिसतो, पण खाड्या आल्या की फेरीबोटीची रांग लागते. केळशी-हर्णैकडे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत. समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. पाच दिवस खिडकीतच जातील.

त्यापेक्षा एका घाटाने उतरा, किनाऱ्याचा एकच तुकडा निवांत बघा आणि दुसऱ्या घाटाने वर या. माझी पसंती अशी: मुंबई-पुणे-कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, हेदवी, तवसाळहून बोटीने जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर. पहिला दिवस लांबचा आहे, तेव्हा पहाटे निघा आणि कराड-कोयनेच्या आसपास थांबा. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघून होतो. कुंभार्ली मात्र उजेडातच उतरायचा.

उतरताना चालकाला एवढंच सांगा की ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. पाण्याची टाकीही चिपळूणला पोहोचल्यावर भरा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझं, ते घाटातून कशाला न्यायचं? चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, हे आपल्याकडे बरेच जण सोयीने विसरतात.

आता भरती-ओहोटी. या सहलीचं वेळापत्रक घड्याळापेक्षा पंचांगावर बेतलेलं बरं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण बेत आखायला पुरतं. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघण्यासारखी असते. खडकातल्या चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. आईबाबांना तिथल्या ओल्या खडकांवर नेऊ नका, लांबूनही दिसतं.

बोटीसाठी पूर्ण ओहोटीची वेळ टाळा. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो. कॅम्परचं बूड मागच्या चाकांच्या बरंच मागे आलेलं असतं, ते खाली घासतं. साध्या कारला ही अडचण सहसा येत नाही, त्यामुळे कारवाल्यांना विचारून उपयोग नाही. निघण्यापूर्वी गाडीची लांबी आणि टपावरच्या एसीसकट उंची सांगून बोटवाल्यांना फोन करा. बोटीवर चढण्याआधी गॅस सिलिंडर बंद.

रात्री वाळूत गाडी घालायची नाही, 'समुद्रासमोर झोपायचं' हे जाहिरातीत ठीक आहे. गुहागरला किंवा गणपतीपुळ्याच्या अलीकडे एखाद्या घरगुती खानावळीच्या अंगणात परवानगी घेऊन उभी करा. जेवण तिथेच सांगायचं, विजेचे पैसे वेगळे द्यायचे. दाब कमी असला तर एसी चालणार नाही. डिसेंबरात लागतोच असं नाही. संडासाची टाकी मालकाला विचारून त्यांच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची, खाडीत किंवा वहाळात नाही. नाहीतर या एका कारणावरून गावं कॅम्परवाल्यांना दारात उभं करेनाशी होतील.

नाताळ ते ३१ डिसेंबर गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. शाळा परवानगी देत असेल तर आठवडाभर आधी निघा. आरे-वारेचा चढ सकाळी गाठा, वरून दोन्ही पुळणी दिसतात आणि गाडी कडेला लावायला जागाही मिळते.

आत गल्लीत शिरायचं की नाही असा प्रश्न पडला तर गावात विचारा, "इथे एसटी येते का?" नाही म्हणाले तर गाडी बाहेर ठेवून रिक्षा करा. आणि भाडं ठरवताना रोजची किलोमीटर मर्यादा, चालकाची झोपायची सोय आणि बोटीचं तिकीट कोणाकडे, हे लिहून घ्या. चालक गाडीतच झोपणार असेल तर तुम्ही सहा नाही, सात जण आहात.