दिवाळीच्या दिवशी रजा टाका

"ताई, गणपती गेले की माझ्या पोटात गोळा येतो." डॅलसजवळून आलेल्या एका पत्राचं हे पहिलंच वाक्य. पुढे ती लिहिते, "मंडळाचा भोंडला, कोजागिरी, मग चार घरच्या चार दिवाळ्या, मंडळाची दिवाळी, थँक्सगिव्हिंगला नणंद सहकुटुंब येते आणि डिसेंबरात इंडिया. सप्टेंबरपासून माझा एकही शनिवार माझा नसतो. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी कॉलवर होते. मग पणती लावली, फोटो काढला, इंडियाच्या ग्रुपवर टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात, शनिवारी करू की नीट."

पत्रात आणखीही बरंच आहे. सासूबाईंच्या चकल्या, मुलाला हवं असलेलं ख्रिसमस ट्री, डिसेंबरच्या बॅगा. त्यांच्याकडे शेवटी येते. आधी मला त्या सात वाजेपर्यंतच्या कॉलबद्दल बोलायचंय.

अगं, त्या दिवशी तू रजा का नाही टाकलीस? माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून हक्काने विचारते. तू स्वतःच लिहिलंयस, "रजा डिसेंबरसाठी साठवून ठेवतो." म्हणजे महिनाभर दिवाळीचं काम केलंस, भाजणी भाजलीस, रांगोळीचे रंग काढलेस, मुलांचे कपडे आणलेस, आणि प्रत्यक्ष दिवाळी दारात आली तेव्हा तू लॅपटॉपपुढे बसलेली. मग रडू येणार नाही तर काय होईल?

आपण तिकडे वाढलो तेव्हा दिवाळीसाठी थांबायचं कसं, हे कुणाला शिकावंच लागलं नाही. माझी आई सांगलीला शाळेत शिकवायची. सहामाही परीक्षा झाली की शाळा बंद, कचेऱ्या बंद, बाजारपेठेत वह्यापूजनाची गडबड. अख्खं गावच थांबायचं, त्यामुळे आपणही थांबायचो. इथे आपल्यासाठी कुणी थांबत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला तो एक मंगळवार इतरांसाठी मंगळवारच असतो. तो आपला आपल्यालाच मोकळा करून घ्यावा लागतो.

आणि शनिवारचं म्हणशील, तर शनिवारी जे होतं ते स्नेहसंमेलन. ते चांगलंच आहे, जरूर जा. पण टोरांटोला असलेल्या माझ्या दिरांनी वर्षानुवर्षं सगळी रजा भारतवारीसाठी राखली आणि घरची दिवाळी कायम शनिवारवर ढकलली. त्यांचा मुलगा आता नोकरीला लागलाय. दिवाळीचं काय आठवतं, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "काकू, शाळेचा हॉल, पार्किंग आणि कागदाच्या ताटलीत गार झालेली पुरी." जाऊबाईंचा चेहरा मला बघवेना. त्या माउलीने दरवर्षी सगळा फराळ घरी केला होता.

आमच्याकडे न्यू जर्सीत ह्यांनी सुरुवातीपासून एक दिवस ठरवून घेतला होता. नरकचतुर्दशीला दोघांची रजा. पहाटे अंधारात मुलांना उठवायचं, बाथरूममध्ये हीटर लावायचा, जमिनीवर जुना टॉवेल अंथरून त्यावर पाट. कोमट तेलाची वाटी, उटणं, मोती साबण. कारीट कुठून आणणार? आम्ही चेरी टोमॅटो ठेवायचो. "गोविंदा, गोविंदा" म्हणत मुलं तो डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायची आणि बिया थेट आरशापर्यंत उडायच्या. मग फराळ, मग फोन. त्या दिवशी आमच्या घरी पाहुणे बोलवत नसत. माझी लेक आता लंडनला असते, तिच्या कंपनीत मराठी माणूस औषधालाही नाही, पण नवीन वर्षाचं कॅलेंडर हातात आलं की ती आधी दिवाळीची रजा टाकते आणि मग बाकीचं वर्ष आखते.

आता तुझ्या शंका. "मॅनेजरला काय सांगू?" जे आहे ते सांग. आमचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, मी त्या दिवशी नाही. आदल्या आठवड्यात नव्हे, महिना-दोन महिने आधी सांग. ख्रिसमसच्या आठवड्यात ऑन-कॉल कोण घेतं, ते आठव. बहुतेक आपलीच मुलं घेतात, "आमचा काय सण नाही" म्हणून. तर मग सौदा करताना लाजू नकोस. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार मी सांभाळते, दिवाळीचा दिवस तुम्ही सांभाळा. पुष्कळ कंपन्यांत फ्लोटिंग हॉलिडे, म्हणजे आपल्याला हवा तेव्हा घ्यायचा सुट्टीचा दिवस, असतो आणि तो वर्षअखेर वाया जातो. तुझ्या ऑफिसात आहे का, ते विचारून घे.

"व्हिसावर आहोत, उगाच नजरेत यायला नको." ही भीती मला ठाऊक आहे, आम्हीही त्यातूनच गेलोय. पण एच-वन-बीवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावरच्या, माणसाला रजेसकट सगळ्या सवलती तिथल्या इतर कर्मचाऱ्यांच्याच निकषाने द्याव्या लागतात, असा कायदा आहे. शिवाय अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे, पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करून द्यावी लागते. 2023 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. धंद्यावर मोठा बोजा पडत असेल तरच नाही म्हणता येतं, किरकोळ गैरसोय हे कारण चालत नाही. रजा पगारीच मिळेल असं त्यात नाही, पण मागणं हा काही गुन्हा नाही. ब्रिटनमधल्या वाचकांना तर पूर्ण वेळ नोकरीत वर्षाला 28 दिवसांची पगारी रजा कायद्यानेच आहे, बँक हॉलिडे धरून. तिथूनही "रजा उरत नाही" अशी पत्रं येतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

"मुलांची शाळा बुडते." एक दिवस बुडू दे. टेक्सासच्या कायद्यात धार्मिक सणासाठीची गैरहजेरी माफ आहे, आधी चिठ्ठी पाठवायची एवढंच. न्यू जर्सीत राज्याच्या शिक्षण खात्याच्या, गैरहजेरी माफ असलेल्या सणांच्या यादीत दिवाळी आहे. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळा तर आता दिवाळीला बंदच असतात. तेही कुणीतरी वर्षानुवर्षं मागितलं म्हणून झालं.

या वर्षी, 2026 मध्ये, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला रविवारी येतंय, म्हणून सुटलो असं समजू नकोस. पाडवा आणि भाऊबीज कामाच्या दिवसांतच आहेत. त्यातला एक निवड, आणि दोघांनी निवडा. नवऱ्याने "तू घे, मला जमणार नाही" म्हटलं, तर तो दिवस तुझ्यासाठी स्वयंपाकाचा वाढीव दिवस होऊन बसेल. पाडव्याला ओवाळायचं ते माणूस घरात नको? त्याला हे वाचायला दे. आणि त्या दिवशी नवं काही तळायचं नाही, कुणाला जेवायला बोलवायचं नाही. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेल्यावर तुझ्या सकाळच्या साडेसातला पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. आईकडे दारात पणत्या लागत असताना तुला निवांत बोलता येईल. एरवी त्या वेळी तू मुलांचे डबे भरत असतेस.

उरलेलं चटकन सांगते. सासूबाई चकल्यांवरून बोलतात, तर त्यांनाच फोनवर भाजणीचं प्रमाण विचार, त्यांना बरं वाटेल, आणि चकल्या विकतच्या आण. ख्रिसमस ट्री मुलाला हवं तर आणा, त्याने आपलं काही जात नाही. चार घरच्या चार दिवाळ्यांपैकी दोन घरी जा, बाकीच्यांना फोन कर. नणंदेला आधीच सांग की थँक्सगिव्हिंगला एक जेवण तिने करायचं. बॅगांमध्ये कुणासाठी काय न्यायचं, ते नवऱ्याच्या बाजूचं नवऱ्याने बघावं.

रडू मात्र दिवाळीनंतरही थांबलं नाही, झोप उडाली, जेवण जाईना, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. डॉक्टरकडे जा. तुझ्या कंपनीत समुपदेशनाची मोफत सोय असेल तर तीही वापर, त्यात कमीपणा नाही.

आणि रजेचे दोन्ही अर्ज मंजूर झाले की मला दोन ओळी लिहून कळव. नवऱ्याच्या अर्जाचं आधी.