प्रत्येक कामाला दोन नावं

प्रिय पोरी,

भावाच्या हळदीत, पिवळ्या हातांनी लॅपटॉप उघडून तू पेमेंट सर्व्हिस पुन्हा उभी केलीस, हे वाचलं. फाउंडरने सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं, हेही वाचलं. मला मात्र काळजी वाटली. तुझ्याकडे 14 इंजिनिअर आहेत. ते सगळे त्या संध्याकाळी पुण्यात होते आणि एकाकडेही प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचा, अ‍ॅक्सेस नव्हता.

तू विचारतेस, कोड लिहीत राहू की माणसं सांभाळू? तो प्रश्न सहा महिने थांबला तरी काही बिघडणार नाही. तुझ्यावाचून काय काय अडतं, याचं उत्तर मात्र आजच हवं. माझं एकच सांगणं आहे आणि पत्रभर मी तेच घोकणार आहे: प्रत्येक कामाला एक नाव, आणि त्या नावामागे दुसरं नाव.

एक कोष्टक काढ. चार रकाने: गोष्ट, मालक, मागचा माणूस, आणि मागच्या माणसाने ते काम शेवटचं स्वतःच्या हाताने केलं ती तारीख. खरा रकाना चौथाच. ‘त्याला माहीत आहे’ हे उत्तर मी धरत नाही. तारीख नसेल तर माणूस नाही असंच समज.

सुरुवात कंटाळवाण्या गोष्टींपासून कर, कारण कंपन्या तिथेच अडकतात. डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे? क्लाउडचं रूट अकाउंट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, फाउंडरच्या खासगी जीमेलवर आणि त्याचा ओटीपी एकाच फोनवर, असं बऱ्याच ठिकाणी असतं. ते कंपनीच्या सामाईक मेलबॉक्सवर आण, लॉगिनसाठी दोन हार्डवेअर की (यूएसबीसारख्या छोट्या किल्ल्या) लाव, एक तिजोरीत ठेव. बिलाचं कार्ड बघ. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा, म्हणजे कार्डातून आपोआप पैसे कापू देण्याचा, नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. क्लाउडच्या बिलासारख्या आवर्ती पेमेंटची रक्कम 15,000 रुपयांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी लागतो. कार्डाचा मालक विमानात असला की पेमेंट राहतं, आणि स्मरणपत्रं कोणी उघडत नसलेल्या मेलबॉक्सात पडून राहतात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं त्यांनी जून 2025 मध्ये बंद केलं. म्हणजे स्वतःचा अलर्ट लावायलाच हवा, आणि तो दोघांना जायला हवा. प्ले स्टोअरची अपलोड की, एसएमएस पाठवायच्या नोंदणीचं डीएलटी खातं, पेमेंट गेटवेचा अ‍ॅडमिन, सगळं याच कोष्टकात.

सर्ट-इनची, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, ओळही त्यातच. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, 180 दिवस ठेवावे लागतात. रात्री दोन वाजता हल्ला कळला तर सकाळी आठपर्यंत कोण कळवणार? नाव लिही. मागचं नावही.

आता बॅकअप. तू लिहिलंस, ‘रोज होतो, काळजी नाही.’ हे वाक्य मला सहन होत नाही. 31 जानेवारी 2017 ला कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. सुमारे 300 जीबीचा डेटाबेस साडेचार जीबीवर आला. बॅकअपच्या पद्धती पाच होत्या. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, होतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि डंप घेणारं टूल 9.2 चं. तो फसल्याच्या ईमेल डीमार्क या ईमेल-तपासणीमुळे नाकारल्या जात होत्या. त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता म्हणून निभावलं. साइट परत यायला सुमारे 18 तास लागले. त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पाच पद्धती आणि नाव एकही नाही!

म्हणून दर तीन महिन्यांनी एक दिवस असा काढ: कालचा बॅकअप, नवं कोरं मशीन, आणि कीबोर्डवर मागचा माणूस. तू शेजारी बस, पण हात मांडीवर. स्टॉपवॉच लाव. त्याने फक्त लिहिलेल्या पायऱ्या वाचून करायचं. जिथे तो तुझ्याकडे मान वळवेल, तिथे कागदात भोक आहे. बॅकअप उघडायची किल्ली त्याच मेलेल्या सर्व्हरवर होती असं निघेल. डिस्क लहान पडेल, डेटाबेसचं एखादं एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) नसेल, रोल (वापरकर्त्याचं खातं) नसेल. शेवटी तीन मोठ्या टेबलांमधल्या ओळी मोज आणि सगळ्यात ताज्या नोंदीची वेळ बघ. सेवा एका तासात परत उभी करू असं फाउंडरने ग्राहकाला करारात लिहून दिलंय आणि घड्याळ सात तास दाखवतंय, हे आकडे त्याच संध्याकाळी त्याच्यासमोर ठेव.

काम सोपवायच्या तीन फेऱ्या असतात. पहिल्यांदा तू कर, तो लिहील. दुसऱ्यांदा तो करेल, तू बघ. तिसऱ्यांदा तू इमारतीतही नकोस. लोक दुसऱ्या फेरीनंतर थांबतात, कारण तो तुझ्या तिप्पट वेळ घेतो आणि तो वेळ बघवत नाही. बघ. ते बघणं हाच तुझा पगार आहे.

मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. हुशार माणसाने सगळं स्वतःच्या हातात ठेवलं की त्याला निष्ठा वाटते. टीमला मात्र तो अविश्वास वाटतो, आणि चांगली मुलं नेमकी त्यामुळे सोडून जातात. हे मला फार उशिरा कळलं. त्याची भरपाई आता होत नाही, म्हणून तुझ्या मागे लागलोय.

ऑन-कॉलमध्ये, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाडाला उठायच्या पाळीत, सहा जण घे. आठवड्याला एक पुढे, एक मागे. बदली बुधवारी अकरा वाजता कर. शुक्रवारी सगळे घाईत असतात आणि सोमवारी शनिवार-रविवारचा कचरा साचलेला असतो. गणपती, दिवाळी आणि लग्नांच्या तारखा तीन महिने आधी कॅलेंडरवर टाक. रात्री उठलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ दे, त्याने मागायची वाट बघू नकोस. ज्या अलर्टवर काही करायचं नसतं तो पुसून टाक, नाहीतर खऱ्या अलर्टला कोणी उठणार नाही.

आणि फाउंडरचा फोन. रात्री तो तुलाच करतो आणि तू उचलतेस. रोटेशन तिथेच मरतं. त्याला ऑन-कॉलचा नंबर दे आणि चार आठवडे दर वेळी एवढंच म्हण, ‘त्या नंबरवर करा, मी त्यांच्या मागे आहे.’ तो चिडेल. पहिल्या दोन आठवड्यांत तुझाच जीव वरखाली होईल. तरी लॅपटॉप उघडू नकोस.

हळदीचे डाग कीबोर्डवरून निघाले की कोष्टकाला बस. पूर्ण होईपर्यंत थांबू नकोस, अर्धवटच पाठव. मालकाच्या रकान्यात किती ओळींवर तुझं नाव आहे, तेवढा आकडा आधी कळव.