'नाग्वाल'मध्ये नाग नाही

प्रश्न असा आहे: मेक्सिकोतल्या एका लोककथेचं इंग्रजीवरून मराठी करताना 'नाग्वाल' हा शब्द आडवा आला. त्याचा आपल्या 'नागा'शी काही संबंध आहे का? तो 'नाग्वाल' लिहावा की 'नाहुअल'? आणि मराठीत सरळ 'रक्षक प्राणी' किंवा 'देवक' म्हटलं तर चालेल का?

नागाचा संबंध नाही. त्यातला 'ग' स्पॅनिश तोंडाने घातलेला आहे. मूळ शब्द मेक्सिकोतल्या अस्तेक (ॲझ्टेक) लोकांच्या नावात्ल भाषेतला, उच्चार 'नावल्ली': 'ना' लांब, आघात 'वल्'वर. सोळाव्या शतकात ही भाषा रोमन लिपीत उतरवणाऱ्या स्पॅनिश पाद्र्यांकडे आपल्या 'व'सारख्या ध्वनीसाठी सुटं अक्षर नव्हतं, म्हणून त्यांनी 'एच' आणि 'यू' ही जोडी वापरली. ती जोडी फोडून वाचली की 'नाहुअल' होतं, आणि ते चूक. बोलीभाषेतल्या स्पॅनिशमध्ये हाच 'व' 'ग्व' होतो. अव्होकाडोचं मूळ नाव 'आवाकात्ल', स्पॅनिशमध्ये ते झालं 'आग्वाकाते'. नावाल आणि नाग्वाल ही जोडी त्याच वाटेने आली. (भाषेचं नावही याच न्यायाने 'नावात्ल', 'नाहुआत्ल' नव्हे.)

शेवटची 'ली' सोडली तर काही बिघडत नाही. नावात्लमध्ये नाम सुटं असताना शेवटी त्ल, त्ली किंवा ली हा प्रत्यय लागतो आणि 'माझा', 'तुझा' जोडताना तो गळतो. 'नावल्ली', पण 'माझा नावल' म्हणताना 'नोनावल'. शिवाय मराठीत 'नावल्ली' लिहिलं की वाचकाला वेल तरी आठवते किंवा एखादी तऱ्हेवाईक असामी. माझं मत: 'नावाल' लिहावं, पुल्लिंगी मानावं आणि नावालाने, नावालाचा, नावालांना असं बिनधास्त चालवावं.

आता अर्थ. इथे प्राण्यापासून सुरुवात केली की घोटाळा होतो, कारण या शब्दाच्या गाभ्यात प्राणी नाहीच. समासात 'नावल-' आलं की अर्थ होतो झाकलेलं, वेश पालटलेलं. फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुनने अस्तेक जाणत्यांकडून बारा भागांचा जो प्रचंड ऐवज लिहवून घेतला, त्याच्या नवव्या भागात 'नावलोस्तोमेका' भेटतात. ओस्तोमेका म्हणजे दूरदेशीचे व्यापारी. हे व्यापारी आजच्या चियापास प्रांतातल्या त्सिनाकांतलान गावी जात. गाव तेव्हा अस्तेकांनी जिंकलेलं नव्हतं. म्हणून ते तिथल्यासारखे केस राखत, तिथला पोशाख चढवत, तिथली भाषा शिकत आणि अंबर, केत्साल पक्ष्याची पिसं, कातडी घेऊन परतत. ओळखले गेले तर जिवाशी गाठ होती. यांपैकी कोणी जॅग्वार झाला नाही, तरी शब्द 'नावल-'च. मराठीत इथे 'छद्म' किंवा 'वेशांतर केलेला' चपखल बसतं.

दुसरं उदाहरण 'नावल्लातोल्ली', म्हणजे झाकलेली बोली. एर्नांदो रुइस दे आलार्कोन या धर्मगुरूने १६२९ साली लोकांचे मंत्र नोंदवले, ते मोडून काढण्यासाठी म्हणून. त्यांत कुठलीच वस्तू स्वतःच्या नावाने येत नाही. अग्नी म्हणजे 'चार वेत', हे खरं तर पंचांगातल्या एका दिवसाचं नाव. तंबाखू म्हणजे 'नऊदा कुटलेला, नऊदा हातावर चुरलेला'. तळहातावर तंबाखू मळणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही हे कोडं पहिल्या फटक्यात सुटेल. तर नावल्ली हा माणूस असतो: रूप झाकण्याची, पालटण्याची विद्या असलेला. साआगुनच्या दहाव्या भागात चांगला नावल्ली आणि वाईट नावल्ली असे दोन्ही दिले आहेत. चांगला तो जाणता, सल्ला देणारा. वाईट तो करणी करणारा. मराठीत 'रूप पालटणारा मांत्रिक' हे पहिल्या उल्लेखाला एकदा लिहावं, पुढे 'नावाल' पुरे.

मग प्रत्येक माणसाबरोबर जन्मणारा प्राणी तो कोणता? त्यासाठी दुसरा शब्द आहे: 'तोनाल', मुळात 'तोनाल्ली'. 'तोना' म्हणजे ऊन पडणं, ऊब असणं. त्यावरून तोनाल्ली म्हणजे उष्मा, दिवस, दिवसाचं चिन्ह आणि त्या दिवसाने जन्मणाऱ्याला दिलेलं बळ व नशीब. अस्तेकांचं शकुनाचं चक्र २६० दिवसांचं, २० चिन्हं आणि १३ आकडे यांच्या फिरत्या जोडीचं. २० पैकी १० चिन्हं प्राण्यांची आहेत: मगर, सरडा, साप, हरीण, ससा, कुत्रा, माकड, जॅग्वार, गरुड, गिधाड. आपल्या पत्रिकेत नक्षत्रावरून 'योनी' बघतात, अश्व, गज, व्याघ्र वगैरे १४, तसलीच जन्मवेळ आणि प्राणी यांची सांगड. पण जुन्या नोंदींतली तोनाल्ली म्हणजे प्राणी नव्हे. तिचं ठिकाण मुख्यतः डोकं. 'सोबत जन्मलेला प्राणी' हा अर्थ पुढे रुळला आणि वाहाका प्रांतात त्याला 'तोना' म्हणतात. बाळंतघराभोवती राख पसरून सकाळी कोणाची पावलं उमटली ते पाहायचं, ही तिथली तोना ओळखण्याची रीत. आपल्याकडे माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरून ठसा बघतात, तो पुढच्या जन्मासाठी. तिथे बघतात तो याच जन्माच्या जोडीसाठी.

दोन्ही शब्दांची सरमिसळ अभ्यासकांनीही भरपूर केली. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९४४मध्ये लेख लिहून वेगळेपण बजावलं: नाग्वाल हा रूप पालटणारा, तोनाल हा जन्माचा सोबती. ही वाटणी जरा जास्तच नीटस आहे, गावोगावी लोक एकच शब्द दोन्हीला वापरतात. तरी भाषांतराला ती उपयोगी पडते. दोन्ही प्रकारच्या कथांत रात्री जनावराला गोळी लागते आणि सकाळी माणसाच्या अंगावर त्याच जागी जखम दिसते, त्यामुळे जखमेवरून काही ठरत नाही. बघायचं ते हे, की रात्री त्या माणसाची चटई रिकामी होती का. रिकामी असेल तर तोच जनावर होऊन हिंडत होता, म्हणजे नावाल. तो घरात झोपलेला असेल आणि रानात दुसराच जीव घायाळ झाला असेल, तर तोनाल.

'रक्षक प्राणी'वर माझा खरा आक्षेप आहे. इंग्रजीत 'गार्डियन' म्हणतात म्हणून आपण रक्षक म्हणतो, पण राखण नेमकी उलट दिशेने चालते. वर आलेलं त्सिनाकांतलान म्हणजे आजचं सिनाकांतान. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ इव्हन व्हॉग्ट यांनी १९५७पासून तिथे वर्षानुवर्षं काम केलं. तिथली त्सोत्सिल या माया जमातीची माणसं सोबती प्राण्याला 'चानुल' म्हणतात. गर्भात 'चुलेल' म्हणजे आत्मा घातला जातो त्याच क्षणी तोच चुलेल एका प्राण्याच्या गर्भातही पडतो. हे सगळे चानुल गावालगतच्या मोठ्या डोंगराच्या पोटात चार कोंडवाड्यांत राहतात: एकात जॅग्वार, दुसऱ्यात कोयोटे, तिसऱ्यात ओसेलॉट (ठिपकेदार रानमांजरं), चौथ्यात ओपॉसमसारखी बारकी जनावरं. त्यांना चारा-पाणी देतात आणि राखतात ते पूर्वज देव. एखाद्याने आगळीक केली की देव त्याचा चानुल कोंडवाड्याबाहेर काढतात, तो रानात भटकतो, आणि इकडे माणूस आजारी पडतो. प्राणी मेला तर माणूसही जातो. म्हणजे चानुल माणसाला राखत नाही. त्यालाच कोणी राखावं लागतं. 'सोबती प्राणी' म्हणा, 'जोडजीव' म्हणा, पण 'रक्षक' नको.

'देवक'ही नको. देवक घराण्याचं, लग्नात पुजायचं; एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. तोनाल एकट्याचा, भावाभावांचा वेगळा. 'टोटेम' हा शब्द तर उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे भाषेतून आलेला आणि तोही कुळाचाच. 'परकायाप्रवेशा'त माणूस दुसऱ्याच्या देहात शिरतो आणि आपला मागे ठेवतो. नावाल स्वतःचाच देह पालटतो. 'इच्छाधारी' ऐकलं की सिनेमातली नागीण डोळ्यांपुढे येते, आणि मग प्रश्नातला नाग मागच्या दाराने परत शिरतो. संस्कृतातून आलेलं 'कामरूपी' त्यातल्या त्यात जवळचं, पण आज ते कितीजणांना कळेल?

कथा माया प्रदेशातली असेल तर शब्दच बदलतो. अभिजात माया लेखांत (साधारण इ.स. २५० ते ९००) 'वाय' येतो. चिन्ह देखणं आहे: 'आहाव' म्हणजे राजा या शब्दाचा चेहरा, आणि त्याचा अर्धा भाग जॅग्वारच्या ठिपकेदार कातड्याने झाकलेला. त्याच्या आधी 'वा' आणि नंतर 'या' ही अक्षरं जोडलेली सापडली, म्हणून वाचन पक्कं झालं. १९८९मध्ये स्टीफन ह्यूस्टन आणि डेव्हिड स्टुअर्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे निकोलाय ग्रूबे यांनी ते मांडलं. माया भाषांत याच धातूतून झोप आणि स्वप्न यांचे शब्द निघतात, तेव्हा इथे चटईची कसोटी सांभाळून लावावी. रंगवलेल्या मडक्यांवर विचित्र जनावराशेजारी त्याचं नाव, मग 'उ वाय' म्हणजे 'त्याचा वाय', मग राजघराण्याचं चिन्ह असा मजकूर असतो. स्टुअर्ट यांनी पुढे हे वाय म्हणजे सोबती नसून शत्रूवर सोडायचे शाप आणि रोग असावेत असं सुचवलं. चित्रांतली हाडं, आग आणि लोंबणारे डोळे पाहिले की मला ते पटतं.

ग्वातेमालात मात्र पुन्हा 'नावाल', पण निराळ्या अर्थाने. तिथल्या किचे या माया लोकांत आज २६० दिवसांच्या चक्रातल्या २० दिवसांचे २० नावाल असतात, म्हणजे मेक्सिकोतल्या तोनालाची जागा तिथे नावालाने घेतली आहे. जुन्या किचे ग्रंथात, पोपोल वुहमध्ये, राजा कुकुमात्स सात दिवस साप, सात दिवस गरुड, सात दिवस जॅग्वार आणि सात दिवस रक्ताचं थारोळं होतो. तो नावाल राजा, आणि तिथे शब्दाचा सूर कौतुकाचा आहे. म्हणून भाषांतराआधी कथा कुठल्या देशातली, कुठल्या भाषेतली, ते बघा.

आणखी एक खड्डा: स्पॅनिश कथेत 'तिग्रे' आला तर तो वाघ नव्हे, जॅग्वार, 'लेओन' म्हणजे सिंह नव्हे, पुमा. नावात्लमधला 'ओसेलोत्ल' हाही जॅग्वारच, त्यावरून नाव पडलेला छोटा ओसेलॉट नव्हे. 'बिबट्या' लिहिण्याचा मोह फार होतो, कारण दोघांच्याही अंगावर ठिपके. पण जॅग्वारच्या ठिपक्यांच्या फुलांत मध्ये आणखी काळे बुंदके असतात, बिबट्याच्या सहसा नसतात, आणि मेक्सिकोच्या रानात बिबट्या नाहीच.