वेल्सच्या छोट्या नद्यांवर सॅमन आणि सी ट्राउट (समुद्रातून नदीत येणारे मासे) गळाने धरायला नवीन असशील तर
भावा, इथल्या नद्यांवर कॅलेंडर बघून जाऊ नकोस, पाऊस बघ. नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी पर्यावरण संस्थेच्या साइटवर नदीची लेव्हल दिसते, ती चढून उतरायला लागली की हातातलं सोडून निघ, कारण डोव्हीसारखी नदी भराभर भरते नि तशीच ओसरते, चांगलं पाणी थोडाच वेळ मिळतं. काठावरचे दगड बघ, पाण्याच्या वर ओला पट्टा दिसला म्हणजे पाणी उतरतंय. गढूळ असेल तर थांब, कोऱ्या चहासारखा रंग आला की सॅमनसाठी फ्लाय (पिसं वगैरे बांधलेला नकली किड्यासारखा गळ) टाक, डोह संपून पाणी उथळ होतं तिथे आधी. पाणी कमी आणि स्वच्छ झालं की मग सी ट्राउट, तेही पूर्ण अंधार पडल्यावर, दिवसा फार बुजतो तो. पण ती जागा उजेडी नीट पाहून ठेव, रात्री अनोळखी पाण्यात अजिबात उतरायचं नाही! रॉड लायसन्स (गळाने मासे धरायचा परवाना) लागतंच, शिवाय नदीच्या त्या भागाचं परमिट वेगळं. आणि सॅमन २०२० पासून सोडावाच लागतो, तेव्हा टोकाला उलटा काटा नसलेला गळ लाव, मासा पाण्याबाहेर न काढता सोडव, तोंड प्रवाहाकडे करून धर, स्वतःहून निघेपर्यंत घाई करू नकोस.