ख्रिस्ती धर्मात ९० लाख चेटकिणी जाळल्या हे खरं आहे का?

नाही. क्वेडलिनबुर्ग शहरातल्या गोट्फ्रीड फोग्ट नावाच्या माणसाने १७८४ साली तिथल्या थोड्याशा खटल्यांवरून त्रैराशिक मांडलं आणि अख्ख्या युरोपचा आकडा काढला ९४,४२,९९४. तोच अजून फिरतोय. जुनी दप्तरं तपासून आजचे इतिहासकार देतात तो आकडा ४० ते ६० हजारांचा, तोही पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंतचा सगळा मिळून.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा ख्रिस्ती मित्र म्हणतो, "हे राजांनी केलं, चर्चने नाही." हे वाक्य मी घरी दहा वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

मी वसईची, कॅथलिक. कुणी ९० लाख म्हटलं की मलाही राग येतो. ऑफिसात एकाने डब्याच्या वेळी तोंडावर ऐकवलं होतं, "तुमच्या लोकांनी बायका जाळल्या." माझा मोठा भाऊ अशा वेळी एकच सांगतो, शिक्षा देणारं कोर्ट सरकारचं होतं. मीही बरीच वर्षं तेच सांगायचे. मग कामानिमित्त दोन वर्षं जर्मनीत न्युरेंबर्गला होते, तिथून बाम्बेर्ग हे शहर ट्रेनने तासाभराच्या आत. एका रविवारी मिस्सा आटोपून गेले.

बाम्बेर्गचा राजा कोण होता? बिशप. योहान गेओर्ग फुक्स फोन डोर्नहाइम, गादीही त्याची आणि धर्मपीठही त्याचंच. १६२७ साली त्याने खास चेटकिणींसाठी तुरुंग बांधला. त्याचा सहायक बिशप फ्योर्नर चेटकिणींवर प्रवचनं द्यायचा. आता यातलं सरकार कुठलं आणि चर्च कुठलं, हे दादाने मला वेगळं करून दाखवावं.

त्या तुरुंगातून योहानेस युनियसने २४ जुलै १६२८ ला मुलीला, वेरोनिकाला, पत्र लिहिलं. हा माणूस शहराचा नगराध्यक्ष होता, ५५ वर्षांचा. बायकोला आधीच मारलेलं. अंगठे चापात आवळले तेव्हा नखांतून रक्त आलं, चार आठवडे हात चालत नव्हते, ते तुला अक्षरावरून कळेलच, असं तो लिहितो. मग हात मागे बांधून आठ वेळा वर खेचून खाली सोडलं. शेवटी फाशीगरच गयावया करू लागला: देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं नसलं तरी रचून सांगा. त्याने रचलं. मग आणखी कोण कोण होतं सांग म्हणून एकेका गल्लीचं नाव घेऊन विचारलं. हे पत्र लपवून ठेव, नाहीतर माझे आणखी हाल करतील आणि पहारेकऱ्यांची मुंडकी उडवतील, असंही त्यात आहे. काही दिवसांत त्याला मारलं.

त्या रात्री मी दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्या काळी सगळेच करायचे." प्रोटेस्टंटांनीही केलं हे खरंच आहे. पण त्याने आमच्या बिशपाचा हात स्वच्छ होतो का?

मित्राशी वाद घालायचा तर ९० लाख सोडा. तो आकडा खोडला की बाकी सगळंच खोटं म्हणायला तो मोकळा. त्याला युनियस वाचायला द्या. आणि गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळतात का हे तपासणारं चर्चचं न्यायासन, यात कालवू नका. १५६० ला सुरू झालेलं ते न्यायासन मुख्यतः बाटलेले लोक चोरून जुना ज्यू किंवा हिंदू धर्म पाळतात का, हे बघायचं. तो वेगळा अन्याय आहे आणि आमच्या वसईपर्यंत पोचलेला आहे. दमणला पकडलेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला गोव्याला नेताना आमच्याच इथल्या तुरुंगात ठेवलं होतं.

दादाची बाजूही सांगायला हवी. स्पेनच्या इन्क्विझिशनमधला न्यायाधीश सालाझार याने अठराशेच्या वर लोकांच्या जबान्या तपासून चेटकाचा पुरावाच नाही असं कळवलं, आणि १६१४ नंतर त्या न्यायासनाने चेटकिणींना जाळणं जवळजवळ थांबवलं. जर्मनीत फ्रीडरिश स्पे या जेझुइट पाद्र्याने १६३१ साली पुस्तक लिहून सांगितलं की चेटकिणी छळातूनच तयार होतात. स्पेचं नाव मी पहिल्यांदा दादाकडूनच ऐकलं, आणि तो ते अभिमानाने घेतो, घ्यावंच. फक्त ते पुस्तक स्पेच्या नावाशिवाय छापावं लागलं होतं. का, ते मी दादाला दोन नाताळांत विचारलंय.